जहाज एकाचं, सैनिक दुसऱ्याचे: वॉरहॅमरच्या साम्राज्याचं आरमार कसं चालतं

वॉरहॅमर ४०,००० च्या विश्वात नव्याने शिरलेल्या माणसाला एक प्रश्न हटकून पडतो. मानवजातीचं हे साम्राज्य म्हणे दहा लाख ग्रहांवर पसरलंय. त्याच्याकडे आठ-आठ किलोमीटर लांबीच्या युद्धनौका आहेत, पायदळ तर मोजण्यापलीकडचं. मग प्रत्येक गोष्टीत कुमक उशिराच का पोचते? पायदळाला वेढा पडलेला असतो आणि जहाजं भलतीकडे असतात. जहाजं आलीच तर त्यांचा ॲडमिरल पायदळाच्या सेनापतीला जुमानत नाही. दोघांचं जमलं तर वाट दाखवणारा तिसराच कुणी अडून बसतो.

कथेला नाट्य लागतं, हे एक कारण झालंच. पण हा गोंधळ त्या साम्राज्याने स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत घालून ठेवलेला आहे. आरमाराच्या रचनेतला प्रत्येक अडथळा कुणीतरी, कधीतरी, विचारपूर्वक बसवलाय. तो का बसवला हे कळलं की बाकीचा पसारा आपोआप उलगडतो.

थोडी ओळख आधी. वॉरहॅमर ४०,००० हा मूळचा मेजावर मांडायचा युद्धखेळ. छोटे रंगवलेले सैनिक, मोजपट्टी आणि फासे. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ मध्ये काढला आणि पुढे त्याभोवती नियमपुस्तकं, कादंबऱ्या, व्हिडिओ गेम असा डोंगर उभा राहिला. आरमाराची घडी सगळ्यांत बारकाईने आली ती १९९९ च्या ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ या जहाजांच्या खेळात. त्यावरूनच २०१६ मध्ये ‘आर्माडा’ हा संगणकावरचा खेळ निघाला आणि २०१९ मध्ये त्याचा दुसरा भाग. यातलं काहीच खेळला नसाल तरी पुढचं वाचताना अडणार नाही.

हुकूम येईपर्यंत शहराची राख

गोष्ट घडते आजपासून सुमारे ३८ हजार वर्षांनी. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, म्हणजे एका टोकाचा प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचायलाच लाख वर्षं. सरळ वाटेने असं साम्राज्य एक दिवसही चालणार नाही. म्हणून या विश्वात ‘वॉर्प’ नावाची आडवाट आहे. आपल्या जगाला चिकटून असलेली ही दुसरी मिती. तिथे माणसांचे राग, लोभ, भीती यांना आकार येतो आणि त्या आकारांना भूक असते. जहाज या मितीत बुडी मारतं, काही काळाने दुसरीकडे वर येतं आणि एवढ्यात कित्येक प्रकाशवर्षं मागे पडलेली असतात. आतल्या राक्षसांपासून बचाव म्हणून जहाजाभोवती ‘गेलर फील्ड’ नावाचं कवच असतं. ते विझलं तर जहाजावर काय होतं यावर अख्ख्या कादंबऱ्या आहेत.

वॉर्पमध्ये वाट दिसत नाही आणि काळही सरळ वाहत नाही. जहाजावर महिना गेला असेल तर बाहेर वर्ष उलटलेलं असू शकतं. काही जहाजं शतकांनंतर उगवतात. वाट शोधायला खूण एकच: पृथ्वीवरून, म्हणजे त्यांच्या भाषेत टेरावरून, अखंड पेटलेला ‘ॲस्ट्रोनोमिकन’ नावाचा मानसिक प्रकाश. तो दिसतो फक्त ‘नॅव्हिगेटर’ घराण्यांत जन्मलेल्या, कपाळावर तिसरा डोळा असलेल्या माणसांना. आणि हा उजेड आकाशगंगेच्या पूर्वेकडच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही.

निरोपाचीही तीच कथा. रेडिओ तिथे निरुपयोगी, कारण तो प्रकाशाच्याच वेगाने जातो. निरोप जातात ‘ॲस्ट्रोपाथ’ या टेलिपाथ मंडळींमार्फत. तेही सरळ वाक्यात पोचत नाहीत. प्रतिमा, स्वप्नं, रूपकं अशा वेशात पोचतात आणि पलीकडच्याने त्यांचा अर्थ लावायचा. निरोप उशिरा येतो, अर्धवट येतो, कधी येतच नाही.

आता सेनापतीच्या जागी बसून बघा. तुमच्या सीमेवर शत्रूचा ताफा आलाय. राजधानीला विचारायचं तर निरोप पोचायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. मदत निघाली तर ती यंदा येईल की तुमच्या नातवाच्या वेळी, तेही कुणाला ठाऊक नाही. अशा राज्यात स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती भरपूर सत्ता द्यावीच लागते. जहाजं त्याची, सैन्य त्याचं, रसद त्याची, निर्णय त्याचा. अंतराचा हा सरळ हिशेब आहे आणि एके काळी साम्राज्याने तो तसाच मांडलाही होता.

सगळं एका मुठीत दिल्याचा परिणाम

कथेच्या वर्तमानकाळाच्या दहा हजार वर्षं आधी सम्राटाने ‘ग्रेट क्रुसेड’ काढली. विखुरलेल्या मानवी वसाहती पुन्हा एका छत्राखाली आणायची ही मोहीम सुमारे २०० वर्षं चालली. तेव्हाची रचना होती ‘एक्स्पिडिशन फ्लीट’, मोहिमेचा ताफा. अशा मुख्य ताफ्यांची संख्या चार हजारांवर होती. एका ताफ्यात युद्धनौका, वाहतुकीची जहाजं, मानवी पायदळ, रणगाडे आणि त्यांच्या जोडीला स्पेस मरीन्स म्हणजे जनुकीय बदल करून घडवलेले अतिमानव योद्धे, असं सगळंच एका सेनापतीच्या हाताखाली असे. लढाई सुरू झाली की कुणाला काही विचारायला लागत नसे. दोनशे वर्षांत आकाशगंगा पादाक्रांत झाली ती या एकमुखी कारभारामुळे.

मग सम्राटाने आपला लाडका सेनापती होरस याला ‘वॉरमास्टर’ केलं आणि स्वतः टेराला परतला. होरस उलटला. त्याच्यासोबत स्पेस मरीन्सच्या १८ पैकी ९ फौजा उलटल्या, आणि मोहिमेचे ताफे एकसंध असल्यामुळे सेनापती फितूर झाला की जहाजं, तोफा, पायदळ, कोठारं सगळंच त्याच्यामागे गेलं. वेगळं असं काही उरलंच नव्हतं जे ‘नाही’ म्हणू शकेल. बंड टेराच्या तटापर्यंत पोचलं. होरस मारला गेला. सम्राट मरणप्राय होऊन सुवर्णसिंहासनावर बसवला गेला, तो दहा हजार वर्षं तिथेच आहे.

नंतर मागची घडी बसवायचं काम रोबूट गिलिमन या सम्राटाच्या दुसऱ्या सेनापतीकडे आलं. हा माणूस लढवय्या कमी आणि कारभारी जास्त. माझ्या मते या विश्वातलं सगळ्यांत रोचक पात्र. त्याच्यापुढचा पेच असा: अंतर म्हणतं, स्थानिक सेनापती बलवान हवा. अनुभव म्हणतो, बलवान सेनापती म्हणजे पुढचा होरस. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गिलिमनने कौल अनुभवाच्या बाजूने दिला.

फाळणी

पहिला घाव घातला तो मानवी सैन्यावर. त्याचे दोन तुकडे झाले: जमिनीवर लढणारं इम्पीरियल गार्ड आणि अवकाशात लढणारं इम्पीरियल नेव्ही. गार्डकडे एकही तारकायान नाही. अब्जावधी शिपाई, पण नेव्हीने उचलून नेल्याशिवाय त्यांना आपला ग्रह सोडता येत नाही. नेव्हीकडे ग्रह जिंकून धरून ठेवेल असं पायदळ नाही. जहाजांवर ‘आर्म्समन’ असतात, पण ते जहाजाच्या बंदोबस्ताला आणि शत्रूच्या जहाजावर चढून हाणामारी करायला. गार्डचा सेनापती बंडखोर झाला तर तो आपल्या ग्रहावरच अडकतो. ॲडमिरल फिरला तर तो वरून शहर भाजू शकतो, पण खाली उतरून राज्य करू शकत नाही.

विमानांपर्यंत ही वाटणी गेलीय. ग्रहाच्या हवेत उडणारी थंडरबोल्ट लढाऊ विमानं आणि मरॉडर बाँबफेकी विमानं नेव्हीची आहेत. खंदकातल्या सेनापतीला डोक्यावर विमान हवं असेल तर दुसऱ्या खात्याकडे विनंती करावी लागते. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त इथे रांगेत उभं असताना वरून तोफगोळे पडत असतात.

गार्डच्या आतही तीच करणी. एक रेजिमेंट बहुधा एकाच प्रकारची असते: निव्वळ पायदळ, निव्वळ रणगाडे किंवा निव्वळ तोफखाना. एकटी रेजिमेंट उलटली तर तिच्याकडे लढाईचं एकच अंग असावं, हा हेतू. किंमत उघड आहे. इमानी रेजिमेंटलाही शेजारच्या रेजिमेंटवाचून लढता येत नाही.

स्पेस मरीन्सच्या प्रचंड फौजा फोडून त्यांचे हजार-हजार योद्ध्यांचे ‘चॅप्टर’ केले. यांना मात्र स्वतःची जहाजं ठेवायला परवानगी मिळाली, कारण झटपट धडक मारणं हेच त्यांचं काम. इथे पुन्हा कुरबुर झाली. एका चॅप्टरकडे दोन-तीन ‘बॅटल बार्ज’ असतात आणि जोडीला ‘स्ट्राइक क्रूझर’. नेव्हीचं म्हणणं पडलं की ही जहाजं योद्धे ग्रहावर उतरवण्यापुरती असावीत, जहाजाशी जहाज भिडवण्यासाठी नव्हे. म्हणून त्यांच्या तोफा ग्रहावर मारा करायला उत्तम आणि समोरासमोरच्या आरमारी लढाईत बेताच्या. ‘नोव्हा’ नावाचं त्यांचं एक फ्रिगेट सरळसरळ जहाज फोडायला बनवलेलं आहे, आणि त्यावरून नेव्हीचे अधिकारी कुरकुरत असतात. दहा हजार वर्षं झाली तरी हिशेब मिटलेला नाही.

वरपासून खालपर्यंत

नेव्हीची उतरंड त्या मानाने सोपी आहे. टोकाला लॉर्ड हाय ॲडमिरल. साम्राज्याचा कारभार बघणाऱ्या बारा हाय लॉर्ड्सपैकी एक जागा त्याला मिळू शकते. खाली आकाशगंगेचे पाच मोठे विभाग आहेत, त्यांना सेगमेंटम म्हणतात: सोलर, ऑब्स्क्युरस, टेम्पेस्टस, पॅसिफिकस आणि अल्टिमा. प्रत्येकाचा एक मुख्य आरमारी तळ, अनुक्रमे मंगळ, सिप्रा मुंडी, बाका, हायड्राफर आणि कार ड्युनिआश. यात मंगळाची गंमत बघा. राजधानीच्या रक्षणाचा ताफा जिथे नांगरतो तो ग्रह नेव्हीचा नाहीच. तो यंत्रपूजक तंत्रज्ञांच्या पंथाचा आहे आणि तिथे त्यांचंच राज्य चालतं.

सेगमेंटमचे तुकडे म्हणजे सेक्टर. खरी लढाऊ एकक हीच. एक सेक्टर म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक बाजूला २०० प्रकाशवर्षं असलेला अवकाशाचा चौकोनी ठोकळा, आणि त्याच्या रक्षणाला एक ‘बॅटलफ्लीट’. त्यात साधारण ५० ते ७५ युद्धनौका.

हा आकडा ऐकून आधी हसू येतं. सत्तर-ऐंशी लाख घन प्रकाशवर्षं जागा आणि ७५ जहाजं! पण नेव्ही सगळी जागा राखायचा प्रयत्नच करत नाही. सेक्टरच्या आत छोटे सबसेक्टर असतात. एकेका सबसेक्टरमध्ये मोजकी, वॉर्पमधून सहज गाठता येणारी तारामंडळं. दोन सबसेक्टरांच्या मध्ये पसरलेला विस्तार म्हणजे रान. तिथे कोण राहतं, काय शिजतंय, साम्राज्याला पत्ता नसतो. नकाशावर अखंड दिसणारं हे राज्य प्रत्यक्षात ठिपक्यांचं आहे. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा राखल्या की काम भागतं, असा हिशेब. जलवाहतुकीचा इतिहास वाचणाऱ्यांना तो नवा वाटणार नाही.

जहाजांचे तीन थर. तळाला एस्कॉर्ट: सोर्ड आणि फायरस्टॉर्म जातीची फ्रिगेट्स, टॉर्पेडो सोडून पळणाऱ्या कोब्रा विनाशिका. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने अवाढव्य, पण त्यांच्यात ही चिल्लीपिल्ली. ती तुकडीने फिरतात. व्यापारी काफिल्यांना सोबत, चाच्यांचा पाठलाग, टेहळणी हे रोजचं काम त्यांचं. मधला थर क्रूझर्सचा, सुमारे पाच किलोमीटर लांबीचा, आणि बॅटलफ्लीटचा कणा हाच. सर्वांत वर बॅटलशिप. एखाद्या सेक्टरकडे त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेकदा ॲडमिरलचं निशाण तिथे असतं.

क्रूझरमधली ‘ल्युनार’ ही जात मला खास आवडते. आराखडा इतका साधा की धड कारखाने नसलेल्या ग्रहावरही ती बांधता येते. ‘लॉर्ड डारोस’ नावाच्या ल्युनारचा किस्सा नियमपुस्तकातच आहे. अनलॉथ हा रानटी टोळ्यांचा ग्रह. तिथल्या लोकांना ११ वर्षं धातू खणायला आणि गाळायला लावलं. ठरलेल्या सणांना ते लोक हा धातू देवाला वाहावा तसा मंदिरांत आणून टाकत. शेवटी एके रात्री त्यांना आभाळात एक नवा तारा सरकताना दिसला. आपण काय बांधलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

एका जहाजावर किती मालक

फाळणी फक्त खात्यांमध्ये झाली असती तरी भागलं असतं. ती एकेका जहाजाच्या आतही शिरलीय.

क्रूझरचा कॅप्टन म्हणजे हजारो माणसांच्या जिवाचा धनी. पण वॉर्पमधून जहाज हाकायला नॅव्हिगेटर लागतो, आणि नॅव्हिगेटर नेव्हीचा नोकर नाही. तो आपल्या उमराव घराण्याचा माणूस. घराण्याचे करार, भांडणं, सोयरिकी घेऊन जहाजावर येतो. निरोप पाठवायला ॲस्ट्रोपाथ लागतो, तो टेरावरच्या वेगळ्याच संस्थेचा. इंजिन चालवतात मंगळाच्या पंथाचे टेक-प्रीस्ट. साम्राज्यात यंत्रविद्या हा धर्म आहे आणि तिची गुपितं हे पुरोहित कॅप्टनलाही सांगत नाहीत. वर अधिकाऱ्यांच्या निष्ठेवर नजर ठेवायला कमिसार. वेळ आली तर तो अधिकाऱ्याला गोळी घालू शकतो.

तेव्हा एखाद्या कॅप्टनने बंड करायचं मनात आणलं, तर त्याला वाट दाखवणारा, निरोप धाडणारा, इंजिन हाकणारा आणि पिस्तूल रोखून उभा असलेला असे चार वेगवेगळ्या धन्यांचे चार लोक आधी फितवायला लागतात. या विश्वात ते होतंच नाही असं नाही. पण सोपं नाही, आणि सोपं नसणं हाच हेतू.

खालच्या डेकवरची माणसं या राजकारणात कुठेच नाहीत. त्यांतली बरीच वेठीला धरून आणलेली. बंदरात जहाज लागलं की टोळ्या शहरात उतरतात आणि हाताला लागतील त्यांना उचलून आणतात. तोफेत गोळे भरायला साखळ्या ओढणारे हे लोक पुन्हा जमीन बघत नाहीत. कित्येकांची मुलंबाळं जहाजावरच जन्मतात आणि त्याच तोफेवर कामाला लागतात. इथे या काल्पनिक आरमाराचं मूळ लपत नाही. शिडाच्या जहाजांच्या काळातलं ब्रिटिश नौदलही खलाशी असेच धरून आणत असे. एका रांगेत उभं राहून बाजूच्या तोफांचा भडिमार करायची पद्धत, कमोडोरपासून ॲडमिरलपर्यंतची पदं, दूरच्या तळांवरचे स्वतंत्र ताफे, हे सगळं तिथलंच. खेळ ब्रिटनमध्ये घडलाय, तेव्हा नवल नाही.

त्या खऱ्या नौदलात ‘जहाज एकाचं, सैनिक दुसऱ्याचे’ ही भानगड कशी उडत असे, याचा नमुना आपल्या किनाऱ्यावरच आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला झाला, तेव्हा समुद्रावर राजाच्या नौदलाचा ॲडमिरल वॉटसन होता, जमिनीवर उतरवायच्या फौजेसोबत कंपनीचा क्लाइव्ह होता आणि खुष्कीने पेशव्यांचं सैन्य आलेलं. लढाईआधीच लुटीच्या वाट्यावरून नौदलवाले आणि फौजवाले यांच्यात वाद झाला. पुढे जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतल्यावर किल्ल्याचा ताबा कुणाकडे, यावरून वॉटसन आणि क्लाइव्ह यांची पुन्हा जुंपली; वॉटसनने राजाच्या फौजेतल्या कॅप्टन आयर कूटला किल्ल्यावर नेमलं आणि क्लाइव्ह भडकला. लंडनला विचारून उत्तर यायला वर्षभर तरी गेलं असतं, म्हणून दोघांनाच तिथल्या तिथे मिटवावं लागलं. वॉरहॅमरच्या ॲडमिरलांची आणि जनरलांची भांडणं वाचताना मला ही जोडी नेहमी आठवते.

मूळच्या मेजावरच्या खेळात हा विस्कळीतपणा फाशांनी खेळवलाय. प्रत्येक जहाजाला नेतृत्वाचा एक अंक असतो. खास हुकूम द्यायचा तर दोन फासे टाकून तो अंक किंवा त्याहून कमी दान पडावं लागतं. एकदा दान फसलं की त्या डावापुरते साऱ्या ताफ्याचे खास हुकूम बंद. तुमचा बेत कितीही उत्तम असो, तिसऱ्या जहाजाच्या कॅप्टनला ऐकू गेलं नाही तर खेळ खलास.

गॉथिक सेक्टरची परीक्षा

रचना चांगली की वाईट हे संकटात कळतं. त्या विश्वातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे गॉथिक युद्ध, काळ १४३.एम४१ ते १५१.एम४१. ही कालगणना सोपी आहे: ४१ व्या सहस्रकातलं १४३ वं वर्ष, म्हणजे आपल्या हिशेबाने इसवी सन ४०१४३.

गॉथिक हा सेगमेंटम ऑब्स्क्युरसमधला सेक्टर, त्याचा मुख्य तळ पोर्ट मॉ. वॉर्पमध्ये वादळं उठली आणि सेक्टर बाहेरच्या जगापासून तुटला. निरोप जाईना, कुमक येईना. नेमक्या त्या वेळी होरसच्या बंडाचा वारसदार ॲबॅडन आपलं आरमार घेऊन आत घुसला. त्याचा डोळा होता ब्लॅकस्टोन फोर्ट्रेस या सहा प्राचीन अवकाशदुर्गांवर. साम्राज्य ते तळ म्हणून वापरत होतं, पण त्यांत दडलेली ताकद त्याला ठाऊक नव्हती.

सेक्टरचा लॉर्ड ॲडमिरल रेव्हन्सबर्ग याच्याकडे जो ताफा होता तेवढाच होता. आठ वर्षं. जहाजं गमावायची नाहीत, तळ सांभाळायचे, शत्रूला थकवत राहायचं. शेवटी त्याने जे केलं ते साम्राज्याच्या कुठल्याही नियमात बसत नाही: एल्डार या परग्रहवासी जमातीशी हातमिळवणी. एरवी याला देहदंड. पण विचारणार कुणाला? वादळं शमली, बाहेरून जहाजं येऊ लागली, ॲबॅडन दोन दुर्ग घेऊन निसटला आणि सेक्टर वाचला.

या युद्धातून दोन्ही बाजूंनी बोलता येतं. फाळणीचे टीकाकार म्हणतील, सेक्टरमध्ये एकमुखी सत्ता असती तर आठ वर्षं लागली नसती. मला उलटी बाजू जास्त पटते. प्रत्येक सेक्टरला आपला ताफा, आपली गोदी, आपला ॲडमिरल दिलेला होता, म्हणून बाहेरचं जग तुटल्यावरही गॉथिक उभा राहिला. ताफे सेगमेंटमच्या तळावर एकत्र ठेवले असते तर ते वादळाच्या पलीकडे नुसते बसून राहिले असते.

नियम मोडायची परवानगी

कधीकधी साम्राज्यालाच आपल्या नियमांनी हात बांधल्यासारखं होतं. मोठी मोहीम काढायची म्हटली की जहाजं आणि फौज एका हाती द्यावीच लागतात. मग हाय लॉर्ड्स नाइलाजाने कुणाला तरी तसा अधिकार देतात. सोलर मॅकेरियस हा असा सेनापती; त्याने ३९२.एम४१ पासून सात वर्षांत सुमारे हजार जगं जिंकली. तो मेला आणि त्याच्या सेनापतींनी त्या मुलखाचे लचके तोडत आपसात लढाया सुरू केल्या, त्या सत्तर वर्षं चालल्या. जुनी भीती अगदीच अनाठायी नव्हती तर! सॅबाट वर्ल्ड्सच्या मोहिमेत, ७५५.एम४१ मध्ये, स्लायडो या सेनापतीला थेट वॉरमास्टर ही पदवी दिली गेली. होरसची पदवी. नाव उच्चारताना हाय लॉर्ड्सच्या घशाला कोरड पडली असणार.

‘रोग ट्रेडर’ ही आणखी एक पळवाट. जुन्या सनदा मिळालेली ही घराणी साम्राज्याच्या हद्दीबाहेर स्वतःची जहाजं, स्वतःचे सैनिक घेऊन फिरतात. जे हद्दीत चालत नाही ते हद्दीबाहेर चालवून घेतलं जातं.

सगळ्यांत मोठा नियमभंग मात्र ज्याने नियम केले त्यानेच केला. ४१ व्या सहस्रकाच्या अखेरीस आकाशगंगा मधोमध फाटली. वॉर्पची एक भेग पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरली आणि पलीकडच्या अर्ध्या साम्राज्याला टेराचा प्रकाश दिसेनासा झाला. त्याच सुमारास दहा हजार वर्षं मरणासन्न अवस्थेत जपून ठेवलेला गिलिमन शुद्धीवर आणला गेला. त्याने राज्यरक्षकाची सूत्रं हाती घेतली आणि ‘इंडोमिटस’ मोहीम उघडली.

तिचे ताफे बघितले तर ओळख पटते. फ्लीट प्रायमस, सेकंडस, टर्शियस, अशी क्रमाने नावं. प्रत्येकात नेव्हीच्या युद्धनौका, गार्डच्या रेजिमेंट, स्पेस मरीन्स, मंगळाचे तंत्रज्ञ, धर्मसैनिक भगिनी, सगळे एकत्र. ताफ्याला एक फ्लीटमास्टर, त्याखाली बॅटल ग्रुप आणि प्रत्येकाला ग्रुपमास्टर. रसद आणि नोंदी सांभाळायला एक नवं खातंच काढलं, ऑफिशियो लॉजिस्टिकारम, कारण जुन्या खात्यांमधून कागद हलवत बसलो तर मोहीम बंदरातच कुजेल हे कारभारी माणसाला लगेच कळलं. थोडक्यात, ग्रेट क्रुसेडचे ताफे पुन्हा उभे राहिले. ज्या हातांनी ते फोडले त्याच हातांनी.

भेगेपलीकडच्या अंधाऱ्या अर्ध्या भागाला, इम्पीरियम निहिलसला, असा ताफा पुरवणं कठीण होतं. तिथले सेक्टर गॉथिकसारखे एकेकटे लढत होते. वरिष्ठांना विचारायची सोयच नव्हती. गिलिमनने तिथली सूत्रं दांते या माणसाकडे दिली. दांते हा ब्लड एंजल्स या चॅप्टरचा प्रमुख, स्पेस मरीन. आता अर्ध्या आकाशगंगेतल्या नेव्हीच्या ॲडमिरलांनी आणि गार्डच्या जनरलांनी त्याचा शब्द मानायचा आहे, आणि ही नेमणूक करणाऱ्याच्या स्वतःच्या जुन्या नियमांनुसार स्पेस मरीनकडे हजार योद्धे आणि त्यांना नेण्यापुरती जहाजं यापलीकडे काहीही असायला नको.